बदलत्या तंत्रज्ञानाबरोबर राहायचं, पण जीव न शिणवता: नव्या डेव्हलपरसाठी

सॉफ्टवेअरमध्ये कामाला लागून वर्ष-दीड वर्ष झालं की बहुतेकांना एक टोचणी लागते. एखादी लायब्ररी आत्ता कुठे हाताला बसत असते, तेवढ्यात टीममधलं कोणीतरी दुसरीचं नाव घेतं. रात्री मोबाइल उघडावा तर तिसरीचीच चर्चा. वाचायला म्हणून जपून ठेवलेल्या लेखांची यादी वाढत जाते, हौसेने घेतलेले कोर्स दुसऱ्या-तिसऱ्या धड्यावर थांबतात, आणि सुट्टीच्या दिवशीही ‘आपण मागे पडतोय’ हे डोक्यातून जात नाही. या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि नव्याने आलेल्या मुलामुलींच्या तोंडून हीच तक्रार मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. त्यांना आणि मला जी पद्धत उपयोगी पडली, ती इथे क्रमाने लिहिते आहे.

सगळं माहीत असणं हे कुणाचंच काम नाही. कोणता बदल तुमच्या कामापर्यंत पोहोचणार आणि साधारण कधी, एवढं ठाऊक असलं की पुरे. आणि ही माहिती बहुतेक वेळा आधीच जाहीर झालेली असते, तीही तारखेसकट. आपण ती शोधत नाही आणि दिवसभर बातम्या मात्र चाळत बसतो. दमछाक तिथे होते.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- तुमच्या प्रोजेक्टची डिपेंडन्सी फाइल (बाहेरची कोणती पॅकेजं वापरली आहेत त्यांची यादी), आणि प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर, प्रत्यक्ष चालू असलेल्या आवृत्त्यांची माहिती
- कॅलेंडर, जे तुम्ही रोज बघता तेच
- एक साधी टेक्स्ट फाइल किंवा वही
- आरएसएस रीडर (निवडलेल्या साइटवरचं नवं एका जागी दाखवणारं अ‍ॅप), किंवा ईमेलमधला एक वेगळा फोल्डर
- सरावासाठी एक रिकामी गिट रिपॉझिटरी
- आठवड्यातले दोन-तीन तास. हे तास शक्यतो कामाच्या वेळेतले असावेत. ते कसे मिळवायचे ते पाचव्या पायरीत सांगते.

१. आधी थकवा कशाचा आहे ते ओळखा

ही पायरी गाळू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली. त्यात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याचा तो परिणाम मानला आहे. लक्षणं तीन सांगितली आहेत: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

यातलं तिसरं लक्षण फसवं असतं. ‘मला जमत नाही’ असं वाटलं की डेव्हलपर लगेच ‘मला येत नाही, शिकायला हवं’ असा अर्थ काढतो आणि आधीच थकलेल्या डोक्यावर आणखी एक कोर्स लादतो. खरं कारण तीन महिने चाललेली ऑन-कॉलची (बिघाड झाला की केव्हाही धावून जाण्याची) पाळी असते, किंवा दर स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या दर ठरावीक टप्प्यात, ऐनवेळी बदलणारी मागणी. त्यावर नवी भाषा शिकणं हा उपाय नव्हे.

म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा: नवीन काहीही शिकायचं नाही असं ठरवलं, तर सोमवारी सकाळी बरं वाटेल का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. ‘नाही’ असेल तर आधी कामाच्या बोजाबद्दल मॅनेजरशी बोला आणि शिकणं काही आठवडे बिनदिक्कत बाजूला ठेवा. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

२. तुमच्या स्टॅकची तारखांसकट यादी करा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. स्टॅक म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर ज्या साधनांवर उभं आहे ती सगळी.

डिपेंडन्सी फाइल उघडा. भाषा, तिचा रनटाइम (कोड प्रत्यक्ष चालवणारा भाग), मुख्य फ्रेमवर्क, डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टीम एवढ्यांचीच नोंद करा. शेकडो छोट्या पॅकेजांच्या मागे लागू नका. प्रत्येकापुढे सध्याची आवृत्ती आणि तिचा सपोर्ट, म्हणजे दुरुस्त्या आणि सुरक्षेचे अपडेट मिळणं, संपण्याची तारीख लिहा. एखाद्या टीमची यादी अशी दिसेल:

- नोड २२ (जावास्क्रिप्टचा रनटाइम): एप्रिल २०२७
- पायथन ३.११: ऑक्टोबर २०२७
- पोस्टग्रेएसक्यूएल १५ (डेटाबेस): नोव्हेंबर २०२७

या तारखा त्या त्या प्रकल्पाच्या अधिकृत साइटवर असतात. ‘एंड ऑफ लाइफ डॉट डेट’ नावाच्या साइटवर बहुतेक सगळ्या एकत्रही मिळतात. तारखेच्या सहा महिने आधीची नोंद कॅलेंडरमध्ये करून टाका. ती नोंद समोर येईपर्यंत त्या विषयाची काळजी करायची नाही.

यादी लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात येईल. बदलांना ठरावीक लय असते. पोस्टग्रेएसक्यूएलची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा येते आणि तिला पाच वर्षं सपोर्ट मिळतो. पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते, तिलाही साधारण पाच वर्षं मिळतात. जावाची आवृत्ती २०१७ नंतर दर सहा महिन्यांनी येऊ लागली. ते ऐकून छाती दडपते, पण कंपन्या सहसा दीर्घ सपोर्टच्या आवृत्त्यांवर राहतात: ८, ११, १७, २१, २५. मधल्या आवृत्त्यांची नुसती नावं माहीत असली तरी चालतं. कुबरनेटिस, म्हणजे अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी यंत्रणा, मात्र तुलनेने घाईत असतं. वर्षाला साधारण तीन आवृत्त्या, आणि प्रत्येकीला जेमतेम १४ महिने सपोर्ट. तुमच्या यादीत ते असेल तर त्याच्यासाठी वेळ वेगळा राखून ठेवा.

मुदत किती लांबची असू शकते, याचं उदाहरण पायथनचंच. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं. पायथन २ चा सपोर्ट आधी २०१५ मध्ये संपणार होता, तो वाढवून १ जानेवारी २०२० केला. म्हणजे अकरा वर्षांचा अवधी होता. तरीही शेवटच्या वर्षात कित्येक टीमची धावपळ उडाली, कारण तारीख कुणाच्या कॅलेंडरमध्येच नव्हती.

सावध राहायची जागा: कधीकधी मुदत अचानक आखडते. सेंटओएस ८ या सर्व्हरवरच्या लिनक्सला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असं सांगितलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये ती तारीख अलीकडे ओढून २०२१ अखेर केली गेली. तेव्हाही वर्षभर हातात होतं. म्हणूनच ही यादी एकदा करून विसरायची नसते.

३. हळू बदलणारं काय, भराभर बदलणारं काय, ते वेगळं करा

यादीशेजारी दोन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात टिकाऊ गोष्टी. रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली, एसक्यूएलचा पहिला अवतार १९७४ मधला, आणि आजही जॉइन आणि इंडेक्स ज्याला नीट कळतात त्याचं काम अडत नाही. गिट २००५ पासून आहे. एचटीटीपी/२ हे २०१५ मध्ये आणि एचटीटीपी/३ हे २०२२ मध्ये प्रमाणित झालं. आतली वाहतूक पार बदलली, पण ‘गेट’, ‘पोस्ट’ आणि ४०४ यांचे अर्थ तेच राहिले. युनिक्सची कमांड लाइन, नेटवर्कची मूलतत्त्वं, कॉन्करन्सी (एकाच वेळी चालणारी अनेक कामं सांभाळणं), टेस्ट लिहिणं, दुसऱ्याचा कोड वाचणं, एरर लॉगवरून मूळ दोषापर्यंत जाणं, हेही याच रकान्यात.

दुसऱ्या रकान्यात वरचा थर: फ्रेमवर्क, बिल्डची साधनं, क्लाउडवरच्या सेवांची नावं. वेबपानं बनवण्याची साधनं कशी येत गेली बघा: जेक्वेरी २००६, अँग्युलरजेएस २०१०, रिअ‍ॅक्ट २०१३, व्ह्यू २०१४. त्यानंतर २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं ते जुन्याशी न जुळणारं, आणि अँग्युलरजेएसचा सपोर्ट २०२१ अखेर थांबला. ज्यांनी अँग्युलरजेएसचे फक्त डायरेक्टिव्ह पाठ केले होते त्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. ज्यांना त्यामागची जावास्क्रिप्ट, ब्राउझरचा इव्हेंट लूप आणि स्टेट कुठे ठेवायची हा प्रश्न समजला होता, ते थोड्या दिवसांत नव्या घरात रुळले.

माझा सल्ला असा: शिकण्याचा निम्म्याहून जास्त वेळ पहिल्या रकान्याला द्या, विशेषतः पहिल्या तीन-चार वर्षांत. तिथे घातलेला वेळ वाया जात नाही. दुसऱ्या रकान्यातलं, सध्याच्या कामाला लागतं तेवढं खोल शिका. बाकीच्याची तोंडओळख पुरते. इथे घाबरवणारे बरेच भेटतात. ‘अजून तुम्ही तेच वापरता?’ असं विचारणाऱ्याला तुमच्या प्रॉडक्शनची जबाबदारी घ्यायची नसते.

४. स्रोत कमी करा आणि रिलीज नोट्स वाचायला शिका

सोशल मीडियावरून तंत्रज्ञानाचा माग काढायचा नाही. तिथे नवी गोष्ट वर येते, टिकलेली येत नाही. त्यामुळे सगळं जग रोज बदलतंय असं चित्र तयार होतं. त्याऐवजी तीन प्रकारचे स्रोत ठेवा:

- तुमच्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीची अधिकृत रिलीजची फीड.
- सुरक्षेच्या सूचना. हा स्रोत मात्र रोजचा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीतली सुरक्षेची त्रुटी उघड झाली तेव्हा कॅलेंडर कामाला आलं नाही. जगभरातल्या टीमना हातातलं काम टाकून धावावं लागलं. असा बदल कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून सूचना आपोआप येण्याची सोय करा. गिटहबवर डिपेंडाबॉट हे डिपेंडन्सी तपासणारं साधन सुरू केलं की धोकादायक आवृत्तीची खबर घरपोच मिळते.
- एखादं विचारपूर्वक संपादित केलेलं, क्वचित येणारं संकलन. थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर सल्लागार कंपनीचं टेक्नॉलॉजी रडार २०१० पासून साधारण वर्षातून दोनदा निघतं. त्यातलं प्रत्येक मत पटायलाच हवं असं नाही. पण सहा महिन्यांची धूळ खाली बसल्यावर काय उरलं ते एका बैठकीत कळतं.

आता रिलीज नोट्स. नवखे त्या वरून खाली वाचतात, नव्या सुविधांच्या वर्णनात रमतात आणि मध्येच सोडून देतात. उलट क्रमाने वाचा. आधी आवृत्तीचा आकडा बघा. सेमँटिक व्हर्जनिंग पाळणाऱ्या प्रकल्पात तीन आकडे असतात: पहिला वाढला तर जुना कोड मोडू शकतो, दुसरा वाढला तर नवं काही आलंय पण जुनं चालू राहील, तिसरा वाढला तर दुरुस्ती. मग थेट ‘ब्रेकिंग चेंजेस’ या भागावर जा आणि त्यातली नावं आपल्या कोडमध्ये शोधा. एकही सापडलं नाही तर निम्मं काम झालं. त्यानंतर ‘डिप्रिकेटेड’ म्हणजे पुढे जाणार आहेत अशा गोष्टी. नव्या सुविधा सगळ्यात शेवटी, आणि त्याही शीर्षकांपुरत्या. एका आवृत्तीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

‘डिप्रिकेटेड’ शब्द दिसला की रात्रीतून कोड बदलायचा नसतो. मोमेंट ही तारखांची लायब्ररी सांभाळणाऱ्यांनीच सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं की नव्या प्रकल्पात ती घेऊ नका. जुन्या प्रकल्पात ती आजही मुकाट काम करते आहे. रिअ‍ॅक्टमध्ये २०१९ साली हुक्स ही कंपोनंट लिहिण्याची नवी पद्धत आली तेव्हा जुनी, क्लास कंपोनंटची पद्धत काढून टाकलेली नव्हती. घाईने सगळं पुन्हा लिहिणाऱ्यांनी चालत्या कोडमध्ये नवे बग मात्र आणले.

आठवड्यातला एक ठरलेला अर्धा तास या वाचनाला द्या. इतर वेळी लिंक समोर आली तर टेक्स्ट फाइलमध्ये टाका आणि कामाला लागा. महिन्यापूर्वीच्या लिंका त्या अर्ध्या तासात पुन्हा बघा. बहुतेक पुसून टाकाव्याशा वाटतील. त्या बिनधास्त पुसा.

५. शिकण्याची वेळ कामातूनच मागा

रात्री अकरानंतरचा आणि शनिवार-रविवारचा अभ्यास फार काळ टिकत नाही. घरच्या जबाबदाऱ्या असलेल्यांना तर तो सुरूच करता येत नाही, आणि मग तेच लोक ‘शिकत नाहीत’ असं ठरवलं जातं. ही अन्यायाची गोष्ट आहे. कंपनीच्या स्टॅकचं ज्ञान ही कंपनीची गरज आहे, म्हणून ते काम बोर्डावर दिसायला हवं.

‘मला शिकायला वेळ द्या’ अशी मोघम मागणी केली तर ‘बघू’ हेच उत्तर मिळतं. दुसऱ्या पायरीतली यादी इथे कामाला येते. स्प्रिंटच्या प्लॅनिंगमध्ये असं म्हणा: “आपल्या नोडच्या आवृत्तीचा सपोर्ट एप्रिलमध्ये संपतोय. त्याआधी ब्रेकिंग चेंजेस तपासून अंदाज द्यायला मला दोन दिवसांचं टिकेट हवं.” तारीख, धोका आणि मोजता येणारं काम या तिन्ही गोष्टी वाक्यात आल्या की नकार देणं अवघड जातं. ते दोन दिवस तुमचा अभ्यासच असतो, आणि शेवटी टीमच्या हातात कागदही पडतो.

तरीही सतत नकारच येत असेल तर ते लेखी राहू द्या. पुढे कधी सुरक्षेचा प्रश्न आला तर यादी तुम्ही आधीच दाखवली होती हे दिसेल. नोकरी बदलायचा विचार करतानाही हा मुद्दा मनात ठेवा, आणि मुलाखतीत तुम्हीच विचारा: मागचं मोठं अपग्रेड कधी केलं, ते कोणी केलं, त्याला वेळ कसा दिला?

६. नवीन गोष्ट जोखायची तर नेहमी तोच छोटा प्रकल्प

ट्युटोरियल बघताना सगळं सोपं वाटतं, कारण अडचणींच्या जागा बनवणाऱ्याने आधीच टाळलेल्या असतात. म्हणून स्वतःचा एक ठरलेला प्रकल्प असू द्या आणि प्रत्येक नवं फ्रेमवर्क किंवा भाषा त्याच्यावरच घासून बघा. मी लिंक छोटी करणारी सेवा घेते. एक टेबल, दोन एंडपॉइंट: एक लांब पत्ता घेऊन छोटा कोड देतो, दुसरा कोड घेऊन मूळ पत्त्यावर पाठवतो. चुकीचा पत्ता आला तर नीट एरर, आणि प्रत्येक एंडपॉइंटला एक टेस्ट. बस.

प्रश्न ओळखीचा असल्यामुळे सगळं लक्ष साधनाकडे राहतं. दोन-तीन तासांत जिथवर पोहोचाल तिथे थांबा आणि एवढं लिहून ठेवा:

- पहिली एरर आली तेव्हा संदेशावरून चूक सापडली, की शोधत बसावं लागलं?
- मुद्दाम डेटाबेस बंद केला तर काय झालं?
- टेस्ट लिहायला किती जास्तीची जुळवाजुळव लागली?
- रिपॉझिटरीत शेवटची आवृत्ती कधीची आहे, आणि कोड एकाच माणसाच्या भरवशावर आहे का?
- आपल्याकडचा कोणता खरा त्रास याने कमी होईल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहिता आलं नाही तर ते साधन बाजूला ठेवा. ही पाच उत्तरं पुढे सोन्याची ठरतात. वर्षभराने टीममध्ये कोणी तेच नाव काढलं की तुमच्याजवळ ऐकीव मताऐवजी स्वतःचा अनुभव असतो.

एका वेळी एकच साधन. नवी भाषा, नवा डेटाबेस आणि नवं डिप्लॉयमेंट एकाच प्रकल्पात घेतलंत, तर अडल्यावर कशामुळे अडलं तेच कळत नाही.

७. एआयची साधनं: याच पद्धतीने, पण थोडं सैल हाताने

सध्या सगळ्यात जास्त घालमेल याचीच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि तेव्हापासून मॉडेलांची नावं इतक्या वेगाने बदलतात की यादीत तारीख लिहायची सोय नाही. इथेही ते दोन रकाने वापरा. मॉडेलची नावं, एडिटरची प्लगइन आणि महिन्यागणिक निघणारे ‘सर्वोत्तम प्रॉम्प्ट’ हा वरचा थर. खालचा थर बराच स्थिर आहे: या मॉडेलांच्या मुळाशी असलेली ट्रान्सफॉर्मर रचना २०१७ मध्ये मांडली गेली. टोकन म्हणजे काय, संदर्भाची मर्यादा कशी पडते, मॉडेल आत्मविश्वासाने खोटी फंक्शनं का सुचवतं, एवढं समजून घ्यायला एखादा आठवडा पुरेल.

रोजच्या कामासाठी कोणतंही एक साधन निवडा आणि किमान तीन महिने तेच वापरा. त्याने लिहिलेला कोड ओळ न ओळ वाचून, टेस्ट चालवूनच पुढे द्या. जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही ती मर्ज करू नका. शिकत असताना आणखी एक पथ्य पाळा: आधी स्वतः अर्धा तास झटा, मग विचारा. उत्तर आयतं मिळालं की काम होतं, पण तिसऱ्या पायरीतला पहिला रकाना रिकामाच राहतो.

८. टीममध्ये वाटून घ्या

पाच जणांनी तेच पाच विषय वाचण्यात अर्थ नाही. एकाने डेटाबेस बघावा, दुसऱ्याने फ्रंटएंड, तिसऱ्याने सुरक्षा, आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाने दहा मिनिटांत सांगावं. स्लाइडची सक्ती नको; ती केली की लोक टाळतात. सहा महिन्यांनी विषयांची अदलाबदल करा.

९. दर तीन महिन्यांनी यादी चाळा

कॅलेंडरमध्ये एक तास राखा. तारखा पुन्हा तपासा, झालेलं अपग्रेड खोडा, नवं आलेलं लिहा. मग ‘आत्ता शिकायचं नाही’ अशा शीर्षकाखाली दुसरी यादी करा आणि ज्यांची टोचणी लागली आहे ती सगळी नावं, त्यांना बाजूला ठेवण्याच्या कारणासकट, तिथे लिहा. उदाहरणार्थ: ‘रस्ट: आवडतं, पण सध्याच्या कामात जागा नाही, जानेवारीत पुन्हा बघू.’ निर्णय लिहून ठेवला की तोच प्रश्न रोज नव्याने समोर येत नाही.

एका तिमाहीत वरच्या थरातली एक आणि पायाची एक, एवढ्याच गोष्टी निवडा. मध्येच कामाचा ताण वाढला तर वरच्या थरातली आधी सोडा. पायाचीही झेपत नसेल तर पहिल्या पायरीतला प्रश्न स्वतःला पुन्हा विचारा.